आई पाहिल्याशिवाय पिल्लू घरात आणू नका

गवळाऊ जातीचा गोऱ्हा घ्यायला विदर्भातल्या आर्वीकडचा शेतकरी बाजारात जातो तेव्हा तो काय काय तपासतो, ते एकदा बाजूला उभं राहून पाहावं. जबडा उघडून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून पाय कसा टाकतो ते बघतो. मग विकणाऱ्याला विचारतो, गाय कोणाकडची, दूध किती देते, स्वभाव कसा. सौदा तासन् तास चालतो आणि मनाला पटलं नाही तर माणूस रिकाम्या हाताने गावी परततो. त्याच घरातला मुलगा मोबाइलवर आलेला छोटासा व्हिडिओ पाहून कुत्र्याचं पिल्लू पसंत करतो, मोबाइलवरूनच पैसे पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नागपूरहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन भाजीच्या कॅरेटमधून ते उतरवून घेतो. पिल्लाची आई कुठे आहे, कशी आहे, आहे की गेली, हे घरात कोणीच विचारत नाही.

माझं सगळं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नाभोवती आहे. कुत्र्यांच्या पैदाशीतला छळ सर्वांत जास्त भोगते ती पिल्लाची आई. गिऱ्हाइकाच्या नजरेला ती कधी पडत नाही, म्हणून हा छळ वर्षानुवर्षं निभावून जातो. घेणारा माणूस ‘आधी आई दाखवा, मग पैशाचं बोलू’ असं म्हणू लागला, तर या धंद्याला आपल्या भागात उभं राहायला जागा उरणार नाही.

पपी मिल, म्हणजे पिल्लांची गिरणी, हा शब्द अमेरिकेतल्या मिसूरी, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांमुळे जगभर माहीत झाला. तिथे एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत शेकडो माद्या ठेवल्याची चित्रं आपण पाहिलेली असतात आणि ‘आपल्याकडे असं काही नाही’ म्हणून निश्चिंत होतो. आपल्या हिंगणघाट-वरोरा-चिमूर पट्ट्यात ही गिरणी एका घराच्या मागच्या अंगणात मावते. दोन-तीन माद्या, एखादा नर किंवा तोही नाही. नर दुसऱ्याचा, मेटिंगचा मोबदला म्हणून त्याला एक पिल्लू द्यायचं. वर टिनं, बाजूला तुराट्यांचा कूड. पुढच्या घरात मात्र फरशी पुसलेली, भिंतीला टीव्ही, आणि मोबाइलच्या स्टेटसवर ‘लॅब, जर्मन, पग पिल्लं उपलब्ध’. अशा दहा घरांची बेरीज एका मोठ्या गिरणीएवढीच होते. फरक इतकाच की दहा घरं विखुरलेली असल्यामुळे ती कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत.

तालुक्याच्या गावी अशाच एका घरी मी ओळखीच्या कुटुंबासोबत गेलो होतो. त्यांना शेतातल्या घरासाठी जर्मन शेफर्डचं पिल्लू हवं होतं. बैठकीत तीन पिल्लं आणून सोडली. अंगाला शाम्पूचा वास, गळ्यात लाल रिबिनी. मालक एकेकाचा पंजा उचलून हाडाची जाडी दाखवत होता, ‘डबल बोन आहे जी, बापाचे फोटो पाहा.’ बापाचे फोटो पुष्कळ होते. आईचं विचारलं तेव्हा म्हणाला, ‘ते चावते नवीन माणसाले. काऊन पाहता तिले? पिल्लू पाहा ना.’ आम्ही आग्रह सोडला नाही. बऱ्याच वेळाने घरातल्या बाईंनी मागचं दार उघडलं. कोबा ओला, मुताचा वास डोळ्यांत चरचरत होता. हातभर साखळीला मादी बांधलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, कोपरांवरचे केस झडून घट्टे पडलेले, सड लोंबून जमिनीला लागलेले आणि त्यातला एक सुजून लालबुंद. पुढ्यात पाण्यात कालवलेला भात, त्यावर माशा. ती चावली नाही. ती उठलीसुद्धा नाही. वय विचारलं तर ‘चार असंल’. आतापर्यंत किती वेळा व्याली, हे मालकाला सांगता आलं नाही. बाईच हळू आवाजात म्हणाल्या, ‘दर खेपेला होतेतच.’

त्या दर खेपेचा अर्थ जनावरं पाळणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. गाभण राहिल्यापासून ६३ दिवसांच्या आसपास विते, आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लं तिच्या अंगावर पितात. प्रत्येक माजाला नर दाखवला तर वर्षातले सात-आठ महिने तिच्या पोटात किंवा सडांना पिल्लं असतात. सहा-सात पिल्लांचं दूध तिच्या हाडांतून आणि मांसातून येतं. खाणं निकस असेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरून तिला झटके येतात. दुभत्या गायीचा दुग्धज्वर ज्याने पाहिलाय त्याला ती तडफड ओळखू येईल. सडाला सूज, पुढे वय वाढलं की गर्भाशयात पू. पगसारख्या जातीत पिल्लांची डोकी मोठी असल्याने वेत अडतं, सिझेरियन करावं लागतं आणि तालुक्यात ते रात्री कोण करणार? शेवटी ती व्यायची थांबते. मग एखाद्या संध्याकाळी तिला दुचाकीवर मधे बसवून हायवेवरच्या ढाब्यापाशी किंवा जंगलाच्या कडेला सोडून देतात. ज्या मादीने त्या घराला पैसा दिला, तिच्या म्हातारपणाचा खर्च त्या घराच्या हिशेबात कधी धरलेलाच नसतो.

पिल्लांचंही पुढे काही बरं होत नाही. जितक्या लवकर विकाल तितकं खाणं कमी लागतं आणि जितकं लहान तितकं ते गोंडस दिसतं, म्हणून तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. घेणाऱ्यालाही वाटतं, लहानपणापासून आणलं तर लळा जास्त लागेल. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यापासून पुढचा काळ पिल्लाच्या शिकण्याचा असतो. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं, आई दटावते, आणि दात किती रुतवायचे हे पिल्लाला कळतं. हे शिक्षण अर्धवट सोडून आणलेलं पिल्लू मोठेपणी भित्रं किंवा चावरं निघण्याची शक्यता वाढते. मग आपण म्हणतो, जातच खराब होती.

आणि पार्वो, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेलंय त्या घरातल्या लेकरांना हा शब्द आयुष्यभर विसरता येत नाही. वासराला जसा चीक, तसंच पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढायची शक्ती मिळते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती ओसरत जाते आणि लसीने येणारी स्वतःची शक्ती अजून तयार व्हायची असते. या फटीतच पार्वो गाठतो. ओकाऱ्या, रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. सहा ते आठ आठवड्यांची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चार महिने वयापर्यंत पुढच्या मात्रा, आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, हा क्रम पाळावाच लागतो. पार्वोचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही, त्याला ब्लीचिंगच लागतं. पहिलं पिल्लू गेल्यावर लेकरं रडतात म्हणून आठवड्याभरात दुसरं आणणाऱ्या घरात तेही त्याच अंगणात आजारी पडतं. विकणारा या वेळी दुसरं पिल्लू थोड्या सवलतीत देतो.

लसीच्या कार्डाविषयी एक सांगून ठेवतो. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि त्यावर पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक असतो. सहीच्या जागी नुसती रेघ असेल, किंवा पस्तीस दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर दोन लसी लागलेल्या असतील, तर ते कार्ड घरी बसून भरलेलं आहे असं समजा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. मे महिन्यात डिक्कीतून आलेली आणि विकणाऱ्याने स्वतःच टोचलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं.

यावर येणारं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी हलकं समजत नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीनवर पिवळा मोझॅक, शिकलेल्या पोराला नोकरी नाही. शेळ्या पाळतो, कोंबड्या पाळतो, तशी चार कुत्री पाळून घर चालवलं तर कुणाचं काय बिघडलं? ज्या भागात शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्या पेपरात एका कॉलमात येतात, तिथे कोणाच्या चार पैशांवर बोट ठेवताना दहादा विचार करावा लागतो. म्हणून हिशेबच मांडू. मादीला दीड वर्षाची होईपर्यंत पोसायचं, एक माज सोडून नर दाखवायचा, गाभणपणात अंडी-मांस-दूध द्यायचं, वेळेला डॉक्टर बोलवायचा, पिल्लं दोन महिने सांभाळायची, जंताचं औषध आणि लस द्यायची, थकल्यावर तिला मरेपर्यंत जेवू घालायचं. हे सगळं केलं तर हाती राहतं ते फार थोडं. मग अंगणातल्या गिरणीत जो नफा दिसतो तो कुठून येतो? वरच्या यादीतली एकेक गोष्ट मादीच्या तोंडून काढून घेतल्याने येतो. जो जोडधंदा असा एकाच जिवाच्या उपाशीपणावर चालतो, त्याला शेतीचा आधार म्हणायला माझं मन तयार नाही. शिवाय तो टिकतही नाही. एका वेतात पार्वो शिरला की घातलेलं सगळं जातं, आणि त्याला ना विमा ना कर्ज.

नीट पैदास करणारी माणसंही आपल्याकडे आहेत, त्यांना मी या माळेत ओवत नाही. त्यांची एक-दोन कुत्री घरातच हिंडत असतात, आई समोर येऊन तुम्हाला हुंगते, पिल्लाचं नाव आधीच लिहून ठेवावं लागतं. ही माणसंच उलट तुम्हाला प्रश्न विचारतात, दिवसभर घरी कोण असतं, साखळीला बांधणार का, नाही जमलं तर परत आणाल ना? असा माणूस भेटला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. चांगलं काम महाग पडतं, हे आपल्याला एरवी मान्य असतंच.

कायदा नाही असंही नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधल्या आपल्या २६१व्या अहवालात श्वानपैदास आणि पेट शॉप यांच्यावर नियमन हवं असं म्हटलं. त्यानंतर मे २०१७ मध्ये केंद्राने श्वानपैदास व विक्रीचे नियम काढले. त्याच महिन्यात गुरांच्या बाजाराचेही नियम निघाले होते आणि आपल्या गावागावांत, बैलबाजारात, पारावर चर्चा झाली ती त्यांचीच. कुत्र्यांचे नियम कोणाच्या कानी आले नाहीत. त्यात स्पष्ट आहे की पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, मादी दीड वर्षाच्या आत किंवा आठ वर्षांनंतर वापरता येत नाही, लागोपाठच्या दोन माजांत नर दाखवता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पुढे २०१८ मध्ये पेट शॉपचेही नियम आले. म्हणजे त्या मागच्या अंगणात मी जे पाहिलं ते आजच बेकायदा आहे. केनेल क्लबचे कागद दाखवून कोणी ‘आमचं सगळं कायदेशीर’ म्हणालं तर फसू नका. तो वंशावळीचा दाखला आहे, पैदाशीच्या परवान्याशी त्याचा संबंध नाही.

नियम असूनही काही होत नाही, कारण ते तपासायला कोणी येत नाही आणि पकडलं तरी फार काही होत नाही. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा जनावराला उपाशी-तहानलेलं सोडून देणं, आखूड साखळीला सतत बांधून ठेवणं हे गुन्हे मानतो, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वी ५० रुपयांत बरंच काही येत असेल, आज तेवढ्यात पिल्लाच्या गळ्यातला पट्टाही येत नाही. हा दंड बदलला पाहिजे, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे जायला हवी. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असं २००१ चे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्यातली ती कुठे बसते, तिची बैठक कधी होते, हे माहितीच्या अधिकारात विचारायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

इंग्लंडने या बाबतीत जे केलं ते मला फार पटतं. वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून २०१३ मध्ये लूसी नावाची कॅव्हेलियर स्पॅनियल मादी सोडवली गेली, सततच्या वेतांनी मोडलेली. तिच्या नावाने लोकांनी मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये कायदा लागू झाला की सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दलालामार्फत किंवा दुकानातून विकायचं नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याच्या घरून, आईसोबत असलेलं पाहून, नाही तर आश्रयस्थानातून. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांतली कुत्र्या-मांजरांची विक्रीच बंद केली. इंग्लंडचा कायदा करणाऱ्यांनी ओळखलं की मधला माणूस काढला की आई दिसते, आणि आई दिसली की लपवाछपवी अवघड होते. आपल्याला यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. घेणाऱ्याने ठरवलं की हा नियम आपल्या तालुक्यात उद्यापासून लागू आहे.

दयेपोटी घेण्याविषयीही बोललं पाहिजे, कारण भली माणसं इथेच अडकतात. त्या दिवशी आमच्यासोबतच्या घरातली लहान मुलगी सगळ्यात अशक्त पिल्लाला उराशी धरून बसली होती. ‘आपण नाही नेलं तर ते मरेल’, एवढंच तिचं म्हणणं. तिचं खोटं नव्हतं. पण ते पैसे गल्ल्यात पडले असते तर मालकाला एवढंच कळलं असतं की अशक्त पिल्लूही विकलं जातं, आणि मागच्या मादीला पुढच्या माजाला पुन्हा नर दाखवला गेला असता. तिच्या आईवडिलांनी पिल्लू घेतलं नाही. त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लेखी कळवलं आणि मादीचा फोटो जोडला. त्या मुलीने कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. हा त्रास घेण्यासारखा आहे असं मला वाटतं.

आता आपल्या हवामानाकडे वळू. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतं. पगचं नाकच चपटं, त्याला साधा श्वास घेतानाही घरघर लागते. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर, २००३ च्या सुमारास, देशभर पगची लाट आली आणि अजून ओसरली नाही. हस्की ही तर सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारी जात, तिच्या अंगावर दुहेरी केसांचं पांघरूण. चिमूरच्या टिनाखाली बांधलेली हस्की मी पाहिली आहे. तिच्यासाठी कूलर लावला होता आणि वीज गेलेली होती. केंद्राने एप्रिल २०१६ पासून पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणण्यावर बंदी घातली. म्हणजे आज आपल्याकडे विकली जाणारी अशी पिल्लं बहुतेक इथल्याच, त्याच त्या थोड्या कुत्र्यांच्या आपसांतल्या संकरातून येतात. बापलेक, भावंडं यांचं मेटिंग होतं. जर्मन शेफर्ड आणि लॅबच्या खुब्याच्या सांध्याचा आजार त्यातून पुढच्या पिढीत उतरतो. तीन वर्षांचं कुत्रं मागचे पाय ओढत चालायला लागतं आणि घरचे म्हणतात, नजर लागली.

मग घ्यायचं काय? माझं उत्तर सरळ आहे, आपलं गावठी घ्या. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीतून वावर उलथून टाकतात, झटका मशीन लावूनही जागलीला जावं लागतं, आणि मचाणाखाली जे कुत्रं कान टवकारून बसलेलं असतं ते बहुधा गावठीच असतं. आखूड केस, लांब नाक, सडसडीत अंग, त्यामुळे ऊन सोसतं. पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या निवडीतून आल्यामुळे जातिवंत कुत्र्यांना होणारे पुष्कळसे आनुवंशिक आजार त्याच्यात कमी. त्यालाही लस लागते, जंताचं औषध लागतं, गोचिडांपासून जपावं लागतं आणि नुसत्या भाकरीवर ते नीट वाढत नाही, अंडं-मांस हवं. ‘गावठी आहे, त्याला काय होतंय’ हा समज रेबीजला घरात बोलावणं धाडतो. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याकडूनच येतो आणि लक्षणं दिसल्यावर वाचणं नसल्यातच जमा.

इथे आपल्या गावांना एक गोष्ट तोंडावर सांगितली पाहिजे. गावठी पिल्लं पाळायला नेणारे नर निवडतात. माद्या मागे राहतात आणि डोळे उघडायच्या आत त्यांना पोत्यात भरून नाल्याकाठी टाकलं जातं. हे काम घरातला गडी करतो किंवा दहा-बारा वर्षांच्या पोट्ट्यांना सांगितलं जातं. ज्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले आणि ज्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे, त्या मुलखात मुलांच्या हाती ते पोतं आपण देतो. मादी राखणीला तितकीच तरबेज असते, उलट घर सोडून भटकत नाही. अडचण असते ती भादव्याची, दारात जमणाऱ्या कुत्र्यांची आणि मागाहून होणाऱ्या पिल्लांची. त्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया आहे. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाही तर मादी आजारी पडते’ या समजुतीला वैद्यकात आधार नाही. वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही. नराची केली तर तो राखण सोडतो हेही खरं नाही, तो भटकणं आणि भांडणं कमी करतो.

भटक्या कुत्र्यांवर २०२५ मध्ये देशात जेवढं बोललं गेलं तेवढं त्याआधी कधीच बोललं गेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितली, २२ ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी व लसीकरणानंतर ती मूळ जागी सोडावीत असं म्हटलं, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातून ती हटवायला सांगितलं. या सगळ्या चर्चेत रस्त्यावरची कुत्री कुठे न्यायची एवढाच प्रश्न होता. नवीन कुत्री कुठून येतात, हे फारसं कोणी विचारलं नाही. विकत घेऊन कंटाळा आल्यावर सोडलेली आणि गिरणीतून निवृत्त केलेली कुत्री याच रस्त्यावर येतात. आमच्याकडे ती बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पांच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावांतही येतात. ताडोबा-अंधारी, बोर, पेंच, नवेगाव-नागझिरा यांच्या कडेला अशी कुत्री चितळांच्या पाडसांमागे लागतात, बिबट्याला गावाकडे ओढतात आणि सोबत डिस्टेम्पर या आजाराचा विषाणू घेऊन हिंडतात. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबरात वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा त्यामागे हाच विषाणू आढळला. वाघांवर ज्यांचं पोट चालतं, त्या गाइड-जिप्सीवाल्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी तरी कुत्र्यांच्या लसीकरणाचा आग्रह धरायला हवा.

घरच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया ही मालकाची जबाबदारी आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची. व्यवहारात खेड्यातला माणूस कुत्री घेऊन नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेपर्यंत जाऊ शकत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गायी-म्हशींच्या फेऱ्यांनीच थकलेले असतात. म्हणून शिबिर गावात यावं लागेल, आणि ते आणायचं काम ग्रामपंचायतीचं. चार-पाच गावांनी मिळून मागणी केली, जागा, पाणी आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्री ठेवायला शाळेची जुनी खोली दिली, तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाला नाही म्हणणं कठीण जाईल. त्याच दिवशी रेबीजची लस टोचता येईल आणि कोणत्या घरी किती कुत्री आहेत याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत होईल. एका घरात चार माद्या आणि दर सहा महिन्यांनी पिल्लं, हे त्या वहीत आपोआप उमटेल.

यात वेळ महत्त्वाची आहे. आपल्याकडे कुत्री प्रामुख्याने भादव्यात माजावर येतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. शिबिर दिवाळीनंतर ठेवलं तर वर्ष वाया गेलं. ठराव १ मेच्या ग्रामसभेत झाला पाहिजे, पेरण्या आटोपल्यावर जुलैत शस्त्रक्रिया, आणि ज्यांना पाळायला पिल्लू हवं आहे त्यांची नावं त्याच सभेत लिहून घ्यावीत. येत्या हिवाळ्यात गावात जी पिल्लं होतीलच, ती दोन महिन्यांची झाल्यावर त्या यादीतल्या घरांना द्यायची, आणि यादी करताना मादी घेणाऱ्यांची नावं वर लिहायची.